जरीवर खाकी

थोरली सून लिफ्ट दुरुस्त करते, ही गोष्ट सासूबाईंनी गणगोतापासून कायम झाकून ठेवली होती. 'ऑफिसात असते' एवढंच सांगायच्या. सून तरी काय कमी! घरातून छानपैकी नटूनथटून निघायची आणि ग्रीसने माखलेले कामाचे कपडे पिशवीच्या तळाशी कोंबायची.

आणि नेमकं नणंदेच्या लग्नात, हॉल पाहुण्यांनी गच्च भरलेला असताना, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत कोण? खुद्द सासूबाई! त्यांना दमा, आणि औषध राहिलं बाहेर सुनेच्या पर्समध्ये.

सून जरीचे कपडे सावरत हॉलच्या मॅनेजरकडे धावली. मशीनरूमच्या किल्ल्या द्या, हे माझं रोजचं काम आहे, असं तिने परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! त्याने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि मेकॅनिक निघालाय म्हणत खुर्ची पुढे केली. नवऱ्याने आवाज चढवला, तर त्यालाही खुर्ची मिळाली. तेवढ्यात लिफ्टमधून खोकल्याची उबळ ऐकू आली.

डोकं असं सणकलं म्हणता! पण अक्कल शाबूत होती. गेटवरच्या वॉचमनदादांच्या हातापाया पडून तिने त्यांचा खाकी शर्ट मागून घेतला, जरीवर चढवला, बाह्या दुमडल्या आणि त्याच मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली.

त्याने तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ल्यांचा जुडगा हातावर ठेवत म्हणाला, "बरं झालं, लवकर आलात."

आता हसावं की कपाळ बडवून घ्यावं? पण वेळ कुणाला होता! धडाधड जिने चढून तिने मेन स्विच पाडला, ब्रेक हाताने सैल करत लिफ्ट बोटबोट खाली आणली. खालून 'आली, आली' असा गलका उठला. गेटवर मात्र निराळाच तमाशा. बनियनवरच्या बिचाऱ्या वॉचमनदादांना पाहुणे आतच येऊ देईनात.

तिने खाली येऊन दार उघडलं, सासूबाईंना औषध दिलं, पाठ चोळली. त्यांचा श्वास ताळ्यावर आला तशी भोवती कुजबुज सुरू झाली. आता मात्र तिला आपल्या अवताराचं भान आलं. हात काळेकुट्ट, अंगात खाकी, आणि समोर सगळं सासर! ती घाईघाईने शर्टाची बटणं काढू लागली.

नव्या व्याह्यांनी विचारलंच, ही बाई लिफ्ट कंपनीची का?

सासूबाईंनी तिचा हात बटणांवरून बाजूला केला.

"माझी थोरली सून," त्या म्हणाल्या. "हेच काम करते ती."