विमान वेळेवर उतरलं होतं

वरकुट्याचा तो मेंढा निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्याने कळप विकून डाळिंब लावलं होतं. हौसेने एकच मेंढा राखला होता. एके दिवशी दुपारी तो गोठ्यात नसल्याचं लक्षात आलं. संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "म्हाताऱ्याच्या मेंढ्याचा चोर त्याचा भाचाच हाय. साडेअकराला पिकअपमधी घालून नेताना म्या सोता बघितला." याच भाच्याशी म्हाताऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं.

म्हातारा माझ्यासमोर बसला. "सायेब, त्यानं नेला आसंल तर सोयरीक मोडली. मेंढ्याचं काय न्हाय, पर पोरगी कुणाच्या इस्वासावर देऊ?"

भाचा डाळिंबाचा व्यवहार ठरवायला दिल्लीला गेला होता आणि त्याच दिवशी विमानाने परतला होता. आयुष्यातलं पहिलं विमान. जबाबात म्हणाला, "विमान लेट झालं. दुपारी उतरलो."

चौकशी केली, तर विमान सकाळी आठला, अगदी वेळेवर उतरलेलं. पुण्याहून वरकुट्याला तीन तास. आमचे हवालदार खूश झाले. "सायेब, घावला की!" पण मधल्या वेळात कुठं होतास, असं विचारलं की पोरगं पुन्हा "विमान लेट झालं" एवढंच म्हणे.

मला चैन पडेना. पुणे-दिल्ली हवाई अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास, प्रवास दोन तासांचा, एवढं मोबाइल सांगतो. विमान उतरल्यावर माणसाला बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे कोण सांगणार? मी स्वतः कधी विमानात बसलो नव्हतो. उठलो आणि विमानतळ गाठला. तिथं कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. सामानाच्या फिरत्या पट्ट्यासमोर भाचेसाहेब दुपारी बारापर्यंत बसून होते.

परत येऊन विचारलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. "मामासाठी दिल्लीत लोकर कातरायची कातर घेतली हुती. हातातल्या पिशवीतच ठिवली. तपासणीत समद्यांसमोर मला रांगेतनं भायेर काढलं. पिशवी सामानात टाकाया लावली, ती मागनं येणाऱ्या विमानानं आली. गावभर विमानाची फुशारकी मारल्याली, सायेब. ह्ये कुठल्या तोंडानं सांगू?"

मग फोन करणाऱ्याचा माग काढला. जवळच्या लासुर्ण्यात त्याच्याच गोठ्यात मेंढा सापडला. म्हाताऱ्याची मुलगी त्याला स्वतःच्या मुलासाठी हवी होती.

खोटं बोलणारा प्रत्येक जण चोर नसतो, काही जण नुसते लाजलेले असतात, हे त्या पोराने मला शिकवलं. त्यानंतर कुणाचा खोटा जबाब हाती आला, की खोटं कशापायी, हे मी आधी विचारू लागलो.

मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात बांधलेल्या मेंढ्याने आमची मोगऱ्याची रोपं फस्त केली होती. तो ताब्यात घ्यायला म्हातारा आला. भाच्याने पिशवीतून कातर काढून पुढे केली. म्हाताऱ्याने अंगठ्याने धार पाहिली. मग तिथंच मेंढ्याजवळ खाली बसला.

"बघता काय? शिंगं धरा, जावईबापू."