मामांनी दुसऱ्या गावाला दिलेली कंपनी

जी कंपनी अजून जन्मालाच आलेली नाही तिच्या गेटातून रोज ये-जा करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच, आणि ते माझे मामा. काष्टीपासून थोडं आत आमचं गाव, गावाबाहेर गायरानाचा मोकळा माळ. सरकार तिथं एक दिवस कंपनी आणणार, यावर मामांचा जेवढा विश्वास, तेवढा उद्याच्या उजाडण्यावरही नसावा. माळाला ना भिंत, ना कुंपण. पण गेट कुठं होणार ते मामांनी ठरवून टाकलं होतं आणि तिथं दोन दगड आणून ठेवले होते. कोणी मधूनच माळात शिरलं की त्याला माघारी फिरवून दगडांमधून आत घ्यायचे. एकदा तर धनगराची मेंढरं वळवली. मेंढरं मुकाट्यानं वळली, धनगर वळेना. भिंत कुठंय, म्हणून विचारायला लागला. "भिंत सरकार बांधंल," मामा म्हणाले, "शिस्त आपन लावायची."

दुसरी खोड म्हणजे हातात येईल ती वस्तू उलटी करून ती कुठं तयार झाली ते वाचायचं. कुलूप, बॅटरी, चप्पल, काहीही. नेहमीचीच दोन-तीन शहरं निघाली की मामांचं तोंड उतरायचं. सरकार एकाच ताटात वाढतंय, बाकीची पंगत काय उठून गेली का, असं दुकानदारालाच विचारायचे. नात्यातल्या एकासाठी मुलगी बघायला गेलो, तर मामांनी पोह्यांची भरली बशी डोक्यावर धरून तिचं बूड वाचलं. पोहे सगळे सदऱ्यावर. मुलीकडच्यांना वाटलं, स्थळ मोडलं. मामा पोहे झटकत म्हणाले, "पोरगी चांगली हाय. बशी तेवढी लांबची हाय."

हसायला मी हसतो, पण मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं आणि याच माणसानं विहिरीवरची चालती मोटर खोलून माझ्यापुढं ठेवली होती. म्हणाले, जोड. पीक सुकत होतं, मामी ओरडत होती, आणि मामा बांधावर बसून माझी वाट बघत होते. त्या मोटरीच्या जिवावर आज मी होसूरला, पार तमिळनाडूत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. कंत्राटावर. कंत्राट संपत आलं की पुढचं मिळेपर्यंत मी पिशवी भरूनच ठेवतो.

त्यातच मामांचा फोन आला. जिथं हाताला काम नाही अशा एखाद्या गावात सरकार कपडे शिवायची कंपनी आणणार होतं, आणि पाहणीला एक मॅडम आमच्याकडं येणार होत्या. कंपनी म्हटलं की मशिनी आल्या, मशिनी दुरुस्त करणारा आला. मला घरी परतायची वाट दिसली. सुट्टी घेऊन निघालो.

सरपंचबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, की ट्रॅक्टर मळ्यात न्या आणि पोरं कामासाठी लांब जातात ते सरळ सांगा. पण आपल्या गावाला कोणी मागास म्हणावं, हे मामांना कुठलं सोसतंय? त्यांनी सगळे ट्रॅक्टर धुऊन, हार घालून रस्त्याच्या कडेला उभे केले. मॅडमना फेटा बांधला. दूध डेअरी दाखवली, ऊस दाखवला आणि शेवटी मला पुढं ओढलं. "हा माझा भाचा. होसूरला असतो. तिथलं इंजिनेर याला इचारल्याबिगर मशीनला हात लावत न्हाईत."

मी मान खाली घातली. सरपंचबाईंनी कपाळाला हात लावला.

मॅडम हसून म्हणाल्या, "म्हणजे तुमचं बरं चाललंय. मग मामा, काम नाही ते कुणाला?"

आता तरी मामा सावरतील असं मला वाटलं. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग उसाच्या फडाकडं. तिथं पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या होत्या.

"मॅडम, माझा भाचा गेला तो एकटा गेला," ते म्हणाले. "ह्यांचं अख्खं गाव उठतं, शाळंतल्या पोरांसकट. चला, गाव दाखवतो."

आणि मॅडमच्या जीपमध्ये पुढं बसून निघूनही गेले. माझं घरी येणं त्या जीपमधून पूर्वेला जाताना मी बांधावर उभा राहून बघितलं.

कंपनी तिकडंच झाली. गावानं मामांशी काही दिवस अबोला धरला. यंदा हंगामात त्यांचा फोन आला तेव्हा मी कंपनीबाहेर चहा पीत होतो. तिकडच्या कितीतरी बाया आता मशीनवर बसतात, त्यामुळं आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्याच कमी आल्यात, माझा ऊस अजून उभाच हाय, असं ते एखाद्याला मुलगा झाल्याच्या थाटात सांगत होते. मग एकदम आवाज खाली आला. "तुला वाईट वाटलं का रं?"

"नाही मामा," मी म्हणालो. थोडं वाटलं होतं. पण अभिमान जास्त वाटत होता, आणि तो फोनवर कसा सांगायचा ते मला कळेना.

शेजारी माझ्याच लाईनवरचा ओडिशाचा पोरगा बसला होता. कोण होतं, त्यानं विचारलं. मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाला, तुझ्या मामांना आमचं गाव दाखवता येईल का?