मामींच्या खांद्याचा फोटो

शेवग्याच्या शेंगा काढायला मामी ओट्याच्या कडेवर चढल्या आणि खांद्यावर पडल्या. मामांचं म्हणणं, नुसता मुका मार आहे, तेल चोळलं की उतरेल. पण दुसऱ्या दिवशी मामींना हात उचलता येईना, तेव्हा मी दोघांना तळोद्याला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. "हाड मोडलंय की नुसता स्नायू दुखावलाय, हे बाहेरून कळत नाही. एक्स-रे काढू," डॉक्टर म्हणाले.

मामी सकाळपासून उपाशी होत्या. शेजारणीने तसं बजावलं होतं. एक्स-रे काढणाऱ्या मुलीने सांगितलं, "हाडाच्या फोटोला उपाशी राहावं लागत नाही, आजी. पोटाच्या सोनोग्राफीला लागतं." मामींना खांद्यापेक्षा त्या हुकलेल्या भाकरीचंच जास्त वाईट वाटलं.

मग मुलगी म्हणाली, "गळ्यातलं, कानातलं काढून ठेवा."

"मंगळसूत्र मी उतारसू नही. मन्हा नवरा जित्ता शे," मामी म्हणाल्या. "आनि ते सोनं शे, लोखंड नही."

"सोनं असो की लोखंड, फोटोत पांढरं दिसतं. त्याच्यामागचं हाड दिसायचं नाही."

मामी जरा विचारात पडल्या. मग एका हाताने मंगळसूत्र काढून त्यांनी मामांपुढे धरलं. "हाई गळामा घाला. हातमा धरशात ते कोठे तरी ठेवी देशात."

मामांनी निमूट घातलं. मामी आत गेल्या आणि मामा बाकावर ताठ बसून राहिले. तेवढ्यात गावातले एक केळीवाले शेतकरी आले. त्यांनी मामांचा चेहरा पाहिला, गळा पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ, बरं शे ना?"

"मन्हं बरं शे. बाईना फोटो काढी ऱ्हायनात," मामा म्हणाले. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

मामी बाहेर आल्या, तशा म्हणाल्या, "श्वास रोखाले लावला, बस. काहीच दुखनं नही." मामांनी मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात घातलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. गळ्याजवळच्या हाडाला बारीक, तिरपी भेग होती. ऑपरेशन नको, हात झोळीत बांधून ठेवायचा. मामा ती भेग बराच वेळ पाहत राहिले.

"भलतं दुखत व्हई ना तुले?" त्यांनी हळूच विचारलं.

"कालपासून तेच सांगी ऱ्हायनी."

परतीच्या बसमध्ये मामा मामींच्या दुखऱ्या बाजूला बसले आणि गाव येईपर्यंत शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला कोपराने लांब ठेवत राहिले.