घंटा उतरवणारा इसाबुरो

माझे मोठे दीर इसाबुरो उंचावरची कामं करायचे. खोऱ्यात कुठेही तुळई चढवायची असो की दगड हलवायचा असो, बोलावणं त्यांनाच यायचं. माझा नवरा ब्रह्मदेशात लढाईत गेला, त्यानंतर मला आणि माझ्या मुलीला याच माणसाने पोसलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी बाजू घ्यावीशी वाटायला नको.

ताकदीने म्हणाल तर भाऊजी काडीपैलवान. एकदा मी थट्टेत विचारलं, "भाऊजी, तुमच्या अंगात येतं की काय? एवढाली ओझी उचलता कशी?"

"बस इथे, किनुए," म्हणाले आणि लोणच्याच्या पिंपावरचा दाबाचा दगड त्यांनी अंगणात टांगला. "वर एकच कप्पी असली तर दोर खाली ओढता येतो, एवढंच सुख. वजन सगळं तुझ्याच माथी. आता दुसरी कप्पी दगडाला बांधली. दगड दोन दोरांवर आला, तुला निम्मा. चार दोरांवर घे, तुझ्या वाट्याला पाव."

"आणि बाकीचं ओझं?"

"ते वरची तुळई झेलते. पण फुकट काही नाही हं. दगड हातभर वर हवा, तर दोर चार हात ओढायचा."

मी एका हाताने तो धोंडा वर नेला आणि लहान पोरीसारखी हसत सुटले. तेव्हा घरात हसू होतं.

मग लढाईच्या तिसऱ्या वर्षी हुकूम आला, की देवळातली घंटा तोफांसाठी द्या. वीस मणांची घंटा. आमच्यात घंटा चढवताना घरटी एक हात दोराला लागतो, त्या पुण्यात सगळ्या गावाचा वाटा असतो. भाऊजी सरपंच हिराइवांकडे गेले. म्हणाले, "चाळीस हातांनी चढवली होती, तर उतरवायलाही चाळीस हात लागू देत."

"अरे, तुझ्याकडे कप्प्या आहेत ना? मग चाळीस माणसं कशाला अडकवतोस?" सरपंच म्हणाले.

त्या दिवशी कुणाची कंबर धरली होती, कुणाची भातलावणी अडली होती. गावाने घंटेला लाल-पांढरा पट्टा बांधला, रणांगणावर निघालेल्या पोराला घालतात तसा. सगळ्यांनी हात उंचावून जयजयकार केला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दोराला मात्र एकानेही बोट लावलं नाही. भाऊजींनी दोराचे दोन वेढे खांबाला दिले आणि एकट्याने, इंच इंच सोडत, घंटा गाडीवर टेकवली. कुठे ओरखडासुद्धा नाही.

लढाई हरलो आणि गावाला एकाएकी आठवलं की घंटा कुणी काढली. "एकट्याने काढली हो, एकट्याने! कुणाची मदतसुद्धा लागली नाही मेल्याला." सरपंच हिराइवा हेच मान हलवत सांगायचे. हुकूम वाचून दाखवणारं तोंड तेच, बरं का! भाऊजींना कामं मिळेनाशी झाली. माणसं त्यांना पाहून रस्ता बदलायची. भाऊजी मला एकदाच म्हणाले, "नवी घंटा येईल तेव्हा दोराला हात लावेन. मग फिटेल."

सात वर्षांनी घंटा आली. घरटी एक नाव पुकारलं गेलं. आमच्या घरातून माझं पुकारलं, लढाईतल्या विधवेचं. भाऊजी धुतलेला अंगरखा घालून आले होते. सरपंचांनी त्यांना देवळाच्या कमानीबाहेरच थांबवलं.

वर एकच कप्पी टांगली होती. चाळीस जणांनी जोर लावला, घंटा वीतभर उचलली आणि तुळई अशी कडाडली की बायका किंचाळल्या. भाऊजी बाहेरून ओरडले, "सोडा, हळू सोडा! तुळईवर दुप्पट भार येतोय! घंटेचा आणि वर तुमच्या ओढीचा!"

घंटा खाली ठेवली. सरपंच माझ्याजवळ आले, नावाला आदराचं 'सान' लावून म्हणाले, "किनुएसान, तेवढ्या त्यांच्या कप्प्या आणता का?"

"आणि भाऊजी?"

"कप्प्या पुरेत."

मला तिथेच त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. मुलीचं लग्न याच गावात व्हायचं होतं. मी कमानीबाहेर जाऊन निरोप सांगितला. भाऊजी घरी गेले, कप्प्या आणि लांबलचक दोर घेऊन आले, दोर कसा ओवायचा ते सुताराला समजावलं. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "शेवटचं टोक धरलं तर चालेल? अगदी मागचं."

"कशाला उगीच?" सरपंच म्हणाले.

आतल्यांनी कप्प्यांवर मीठ टाकलं, विटाळ जावा म्हणून. मग दोर चार पदरी ओवला. आता ओढायला पाच माणसं पुष्कळ होती, पण दोर चौपट लांब, अंगणभर पसरलेला, चाळीस जणांना हात लावायला ऐसपैस जागा. सगळे उभे राहिले. "या किनुएसान, या!" कुणीतरी मला ओढलं. आणि मी धरला दोर. कमान समोरच होती, भाऊजी बघत होते. घंटा कापसासारखी वर गेली. महंतांनी पहिला टोल दिला, माणसं रडली. कसलं डोंबलाचं पुण्य!

संध्याकाळी मी भात वाढला. माझी मान वर होईना. भाऊजींनीच विचारलं, "जड लागली का गं?"

"नाही हो," मी घाईघाईने म्हणाले, "काहीच नाही. नुसता हात लावला होता."

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मला तरी दुसरं काय हवं होतं?"