सुरुवात कुठून करू, काका?

"हे काय आहे?" असं मी एकेक चित्र दाखवून विचारू लागले, तशी बोडखेकाकांनी डाव्या हातानं टेबलावरची सगळी चित्रांची कार्डं खाली ढकलली. आंबा, खुर्ची, गाय, सगळं फरशीवर पसरलं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. क्रांती चौकाजवळच्या एका सेंटरमध्ये काम करते. काका वेरूळच्या लेण्यांमध्ये गाइड होते. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. आम्ही याला अफेजिया म्हणतो. समोरच्याचं बोलणं काकांना कळायचं, पण स्वतःचा शब्द काही केल्या सापडायचा नाही.

"उभा जन्म बोलून पोट भरलं यांनी," त्यांच्या पत्नी कांताकाकू म्हणाल्या. "आता जेवत बी नाय. मॅडम, बोलतील ना हो?"

मी हो म्हटलं नाही. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात आणि ते हातातून चालले होते.

सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"बोडखेंच्या रिपोर्टमध्ये काय लिहू? पेशंट को-ऑपरेट करत नाही?"

"अजून थोडे सेशन द्या मॅडम."

"हा आठवडा बघ. नाही तर तो स्लॉट वेटिंगवाल्याला देऊ."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सेशन बंद झाले तर हा माणूस कायमचा गप्प होणार, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना विचारलं, घरी त्यांना कशाची आवड होती? काकूंनी लगेच पुढच्या सेशनला पिशवीभर कादंबऱ्या आणल्या. सगळ्या एकाच लेखकाच्या, एकाच मालिकेतल्या. उलट्या वाहणाऱ्या नद्या, सावल्या विकणारे राजे, ढगांवरची शेती, असलं अचाट काहीतरी.

"लई येड यांना या पुस्तकांचं," काकू म्हणाल्या. "मला त्यातलं एक अक्षर कळत नाय."

मी भाग पहिला उघडून मोठ्यानं वाचू लागले. पान उलटायच्या आत काकांनी पुस्तकावर थाप मारली. चेहरा लाल झाला, श्वास जोरात चालू झाला. मी घाबरून नर्सला बीपी घ्यायला लावलं. वाढलेलं होतं. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "वाचन बंद कर. कार्डांच्या टार्गेटवर राहा."

बीपी उतरेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिले. पुस्तक मिटलं तरी काकांची नजर पिशवीवरच होती. म्हणजे पुस्तक हवं होतं, हे पुस्तक नको होतं.

पुढच्या सेशनला मॅडमना न विचारता मी सगळे भाग टेबलावर मांडले. पुन्हा बीपी चढलं असतं तर माझी खैर नव्हती.

"काका, मी यातलं एकही पान वाचलेलं नाही. खरंच कळत नाही. सुरुवात कुठून करू?"

काकांचा डावा हात पुढे आला. पहिला भाग बाजूला सरकला. चौथा माझ्यासमोर आला.

"चौथा? पण आधीचं माहीत नसताना मला कसं कळेल?"

त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. काकू मदतीला पुढे झाल्या, मी त्यांचा हात धरला. आमच्या कामात हेच सगळ्यात अवघड. शब्द आपल्या तोंडात तयार असतो आणि गप्प बसायचं असतं. इथं तर माझ्याकडेही शब्द नव्हता.

"ग... गाव," काका म्हणाले. कपाळावर घाम. "गाव... उडतं."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"पहिल्याच पानावर?"

"व्हय."

"मग पहिला भाग कधी वाचू?"

"शे... शेवटी." थोडं थांबून त्यांनी तोंड वाकडं केलं. "लई... पाल्हाळ."

स्लॉट राहिला. रिपोर्टमध्ये मॅडमनी 'रिस्पॉन्स सुरू' एवढंच लिहिलं. काका पूर्वीसारखे बोलू शकले नाहीत. मोठे ग्रुप घेणं सुटलं. वर्षभरानं मात्र ते पुन्हा वेरूळला जाऊ लागले. एखादं कुटुंब घेतात, एकच लेणं दाखवतात, अडखळत दाखवतात. घाई असलेले पर्यटक दुसरा गाइड शोधतात. काही जण थांबतात.

मी त्यातून एक शिकले. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, ते आजारी माणसाला पुन्हा पुन्हा विचारलं की त्याला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं. आता मी रोज निदान एक तरी प्रश्न असा विचारते, ज्याचं उत्तर मला खरोखर हवं असतं. असे प्रश्न शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याच रिपोर्टमध्ये धरत नाहीत.