अकरा माणसांची जीप

जुन्नरच्या एका वाचनालयाने त्या रविवारी दुपारी वादविवाद ठेवला होता. विषय फळ्यावर खडूने लिहिलेला होता, 'तेलावरचं अवलंबित्व संपवायचं तर अणुऊर्जेशिवाय पर्याय नाही.' बाजूने मी बोलणार होते आणि विरोधात माझीच एक जुनी विद्यार्थिनी.

मी नारायणगावला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. अकरावीत असताना तिला पहिल्यांदा व्यासपीठावर मी उभं केलं होतं. हात कुठे ठेवायचे, श्वास कुठे घ्यायचा, आकडा सांगितल्यावर किती थांबायचं, हे सगळं माझ्याकडून शिकलेलं. चार लोकांत मी ते आवर्जून सांगायचेही.

तिचे वडील घोडेगावहून वरच्या गावांपर्यंत वडाप, म्हणजे भाड्याने माणसं भरून नेणारी गाडी, चालवायचे, त्यांची स्वतःची जुनी डिझेल जीप होती. तिला त्या दिवशी तेच, तिचे आप्पा, घेऊन आले होते. जीप वाचनालयाच्या दारासमोर लावून ते शेवटच्या रांगेत, भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी व्यासपीठावर जाताना त्यांनी उठून मला नमस्कार केला.

आधी मी बोलले. चांगलं बोलले असं तेव्हा वाटलं. कोळशाचे डोंगर जाळून जेवढी वीज होते तेवढी मूठभर इंधनात कशी होते, ते सांगितलं. आखातात काही पेटलं की आपल्या पंपावर रांगा का लागतात, ते सांगितलं. मग द्राक्षांवर आले. ऐन तोडणीत गारा, टोमॅटोला नको तेव्हा पाऊस. समोर निम्मे लोक बागायतदार, त्यांच्या माना हलायला लागल्या. दिवसा वीज मिळत नाही म्हणून रात्री उसात पाणी द्यायला जावं लागतं आणि बिबट्याची भीती असते, हेही मी त्यात घातलं. टाळ्या पडल्या.

मग ती उठली. तिने माझं काहीच खोडलं नाही. हवामान बिघडलंय, तेल आज ना उद्या सोडावं लागेल, हे तिने पहिल्या मिनिटात मान्य केलं. मग म्हणाली, "माझ्या आजोबांचं गाव धरणात गेलं. तेव्हाही असंच सांगितलं होतं, की याला दुसरा पर्याय नाही. पाणी आलं, वीज आली. ती आली तिथे चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या नव्या वस्तीत दिवा लागायला आजोबांचं उरलेलं आयुष्य गेलं. मला अणुऊर्जेची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती 'पर्याय नाही' या शब्दांची. हे शब्द बोलणारा माणूस त्या जागेवर राहत नसतो."

एवढंच. हातवारे नाहीत, आवाज चढवलेला नाही. पहिल्या रांगेतल्या टोमॅटोच्या एका व्यापाऱ्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मी तिच्याकडे बघत होते आणि मला कौतुक वाटायला हवं होतं. मला आला तो राग. आपण शिकवलेली मुलगी आपल्याहून पुढे गेलीय आणि ते या सगळ्यांना दिसतंय, याचा राग.

दुसऱ्या फेरीत तीन-तीन मिनिटं होती. मी उठले आणि म्हणाले, "आमच्या वक्त्या हवामानाची फार काळजी करतात. पण आज त्या इथे आल्या कशातून? दाराबाहेर उभी आहे ती जीप बघा. ती सुरू झाली की अर्धं जुन्नर दिसेनासं होतं! घरी धुराचा कारखाना पाळायचा आणि इथे येऊन आम्हाला शहाणपण शिकवायचं?"

हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "पीयूसी काढलीय का राव?" त्यावर आणखी मोठा हशा.

ती माइकपाशी आली. मागे भिंतीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मला आणखी काही बोलायचं नाही." आणि जागेवर जाऊन बसली.

एक गोष्ट मला इथे लिहायलाच हवी, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. बोलण्याच्या भरात जीभ घसरली, असं ते नव्हतं. मी नारायणगावहून माझ्या पेट्रोल गाडीतून आले होते, एकटी. त्या जीपमध्ये अकरा माणसं बसतात. दर माणशी इंधन किती जळतं, हे गणित मी दरवर्षी बारावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवायचे, आणि एकटा माणूस बसलेली मोटार त्यात नेहमी हरायची. वाक्य तोंडातून बाहेर पडत होतं तेव्हाच त्याचं उत्तर मला माहीत होतं. ते इथे कुणी देणार नाही, एवढ्या भरवशावर मी ते बोलले.

सत्काराची शाल आणि नारळ घेऊन मी बाहेर आले. गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसता 'कट्' असा आवाज. संयोजक पाहुण्यांना सोडायला निघून गेले होते. रविवार, गॅरेजं बंद. मी बॉनेट उघडून उगाच आत बघत उभी राहिले. तेवढ्यात तिचे वडील आले.

"काय झालं मॅडम? व्हा बाजूला, बगू द्या."

त्यांनी बॅटरीच्या तारा हलवल्या, मला सेल्फ मारायला लावला, खाली वाकून पानाने दोनदा ठोकून बघितलं. मग हात पुसत म्हणाले, "स्टार्टर गेला. आज काय व्हायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या हितंच. चला, आमी सोडतो नारायणगावला."

"तुम्हाला उलटं पडेल. तुम्ही सरळ घोडेगावच्या रस्त्याने जाल ना?"

"न्हाई न्हाई, मंचरला काम हाय. त्याच वाटंनी जायचंय."

मंचरला काही काम नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी काहीतरी कारण सांगून टाळायला हवं होतं. पण ऊन होतं, गुडघे दुखत होते, मी जाऊन बसले. मला त्यांनी पुढची सीट दिली. मुलगी मागे बसली. स्टँडपाशी नारायणगावची माणसं उभी होती. लेण्याद्रीहून दर्शन करून आलेलं एक कुटुंब, भाजीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन बायका. जीप भरली. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलीच. अकरा.

गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, येक इचारू का? राग न्हाई ना येणार?"

"विचारा ना."

"तुमी सांगितलं ते आवडलं मला. पर त्या अणूच्या कारखान्यातून गाडीत घालायसारखं काय निघतं का?"

"नाही. त्यातून वीज निघते."

"म्हंजी गाडी इजंची पायजे."

"हो."

"आन ती आमच्या घाटात चडंल? अकरा माणसं घिऊन?"

"चढेल. तशा गाड्या येतायत."

"मग ठीक. पर तवर डिझेलच घालायला लागनार की. म्हंजी कारखाना झाला तरी तेल लगीच सुटत न्हाई." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. विषयाचा सगळ्यात कच्चा सांधा त्यांनी सहज बोट ठेवून दाखवला होता. तासभर आम्ही दोघी भांडलो, अध्यक्षांनी समारोप केला, हा प्रश्न सभागृहात एकालाही सुचला नव्हता.

थोड्या वेळाने त्यांनी आवाज खाली केला. "आपल्या गाडीचा धूर खरंच लई हाय का? पावसाचं बिगडलंय त्यात आपलाबी हात हाय म्हना की."

ती जागा होती. तिथे मी खरं सांगू शकत होते. मुलगी मागे दीड हातावर बसली होती, तिलाही ऐकू गेलं असतं. मी म्हणाले, "तसं काही नाही हो. बोलण्यात येतं असं काहीबाही."

"न्हाई, बरोबरच आसंल. शिकलेली मानसं उगा कशाला बोलतील," ते म्हणाले, आणि पुढे रस्त्याकडे बघत राहिले. घरापाशी सोडताना नारळ गाडीत राहिला होता, तो उतरून माझ्या हातात आणून दिला.

मी तीन महिने काही केलं नाही. फोन हातात घ्यायचे, तिचं नाव काढायचे आणि ठेवून द्यायचे. एकदा वाचनालयाच्या चिटणीसांना म्हटलं, पुढच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं द्या, मागच्या वेळचं एक चुकीचं बोलणं दुरुस्त करायचंय. ते हसले. "जाऊ द्या हो मॅडम, कोण लक्षात ठेवतंय? लई मजा आली व्हती लोकांना." मी हट्ट धरला नाही. मग कळलं की जिल्ह्याच्या शिक्षकांच्या वक्तृत्व स्पर्धेतून तिने नाव काढून घेतलंय.

शेवटी एका शनिवारी मी घोडेगावला गेले आणि तिथून दुसऱ्या एका वडापने वर. शाळा सुटत होती. ती दारात उभी राहून मुलांना ओळीने सोडत होती. मला बघून 'या मॅडम' म्हणाली, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी न पिताच बोलायला सुरुवात केली. गणित मला माहीत होतं, तरी मी ते बोलले, तू जिंकत होतीस म्हणून बोलले, असं सगळं सरळ सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उत्तर मलाही येत होतं. अकरा माणसं, एक गाडी. तुम्हीच घातलेलं गणित होतं ते. मी तेच बोलणार होते. पण आधी मी आप्पांकडे बघितलं. ते हसत होते. सगळे हसतायत म्हणून तेही हसत होते. त्यानंतर मला बोलताच येईना."

मला ते हसू ठाऊक आहे. माझे वडील बोरी बुद्रुकला दुसऱ्यांच्या मळ्यात कामाला जायचे, आणि ओट्यावरच्या माणसांनी त्यांच्याबद्दल काही काढलं की तेही त्या माणसांबरोबर हसायचे. मी शिकले ती त्या हसण्यातून बाहेर पडायला. हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते दया मागितल्यासारखं झालं असतं.

"तुम्ही माफी मागितलीत ते बरं झालं," ती म्हणाली. "पण मला अजून राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल." आणि मला घरी घेऊन गेली.

तिचे वडील अंगणात जीप धूत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तुमच्या जीपपेक्षा माझीच गाडी जास्त तेल खाते, माणशी मोजलं तर." ते इतके अवघडले की हातातला पाइप कुठे धरावा ते त्यांना कळेना, पाणी त्यांच्याच पायांवर पडत राहिलं.

"आवो मॅडम, त्यात काय येवढं. उलट बरं झालं तुमी बोलला. मी डिझेलचा पंप काढून साफ केला, नवं फिल्टर टाकलं. थांबा, दावतो."

त्यांनी घरातून एक पांढरं फडकं आणलं, गाडी सुरू केली आणि उकिडवे बसून फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं. चांगलं मिनिटभर धरलं. मग उठून माझ्यासमोर दोन्ही हातांनी पसरून दाखवलं, शाळेतला मुलगा वही दाखवतो तसं.

"बगा बरं आता. काळं येतंय?"

फडक्यावर करडा डाग होता. आधीच्या मानाने तो बराच फिका असणार. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस माझ्या निकालाची वाट बघत होता. त्याची मुलगी उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"थोडं येतंय," मी म्हणाले. "जुन्या डिझेल गाडीला तेवढं येणारच. पण यात चूक तुमची नाही. तुम्ही गाडी बंद ठेवलीत तर या गावाला दवाखान्यात न्यायला कोण आहे?"

"कोन न्हाई," ते म्हणाले. थोडा वेळ डाग बघत राहिले, मग फडक्याची घडी घालून खिशात ठेवलं. "चला, च्या घ्या."

पुढच्या महिन्यात मी वाचनालयात पाच मिनिटं मागितली नाहीत, घेतली. कवींचा सत्कार होता, लोक चुळबुळत होते. माझं बोलणं कुणाला नीट कळलंही नसेल. ती आली नव्हती. मी तिला बोलावलं होतं. त्यानंतर वर्षभराने तिने तिच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांपुढे याच विषयावर भाषण केलं, असं दुसऱ्यांकडून कळलं. चांगलं झालं म्हणतात. मला तिने कळवलं नव्हतं, आणि का कळवलं नाहीस, हे विचारायचा हक्क मला उरलेला नाही.