आईच्या नावाची सीट

२००५ साली आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहायला आलो. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये घानाची एक बाई राहायची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. चार दिवस ती वृद्धाश्रमात काम करायची, उरलेले तीन दिवस भाड्याच्या गॅरेजमध्ये अंतराळयानाचं एक मोठं शिल्प बांधायची. पत्रा, जुन्या छत्र्यांच्या काड्या, मोडके पंखे असलं काहीबाही जोडून.

तिचा मामा तिकडे घानात शवपेट्या करायचा. कोळ्याला माशाच्या आकाराची, ड्रायव्हरला मोटारीच्या. एका म्हातारीनं आधीच सांगून स्वतःसाठी विमान करून घेतलं होतं.

"ती मेल्यावर उडाली," शेजारीण म्हणाली. "माझ्या यानात बायका जिवंतपणी बसतील. पुढे कधीतरी माणसं ताऱ्यांवर राहायला जातील ना, तेव्हा पहिल्या रांगा आमच्या म्हाताऱ्यांच्या."

कधीच विमानात न बसलेल्या एकेका म्हातारीचं कापड तिला प्रत्येक सीटवर लावायचं होतं. तिनं माझ्याकडे आईची साडी मागितली.

साडी होती माझ्याकडे. आईची मऊ पडलेली सुती साडी मी नागपूरहून येताना बॅगेत घातली होती. पण आमच्या ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "शवपेटीवाल्यांच्या घरची ती. आई जिवंत आहे ना तुझी? कशाला अपशकुन?" मी हसले, पण मनात भीती बसली. शेवटी इंडियन स्टोअरमधून एक साधी साडी आणली, चार वेळा मशीनमध्ये धुतली आणि आईची म्हणून देऊन टाकली.

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "आईला काय आवडतं?"

"विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून अंगणात येते," मी म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.

"मग तिला खिडकीची सीट."

पुढच्या वर्षी कोलंबसमधल्या एका हॉलमध्ये यान छताला टांगलं गेलं. त्याच उन्हाळ्यात आई पहिल्यांदा अमेरिकेला आली होती. शेजारणीनं तिचा हात धरून तिला शिडीच्या चार पायऱ्या चढवलं आणि तिच्या नावाची सीट दाखवली. आईनं साडीच्या काठावरून बोट फिरवलं.

"ही माझी नाही गं," ती मला म्हणाली.

"काय म्हणाल्या?" शेजारणीनं विचारलं.

"खूप सुंदर आहे म्हणतेय."

शेजारणीचे डोळे भरून आले. तिनं आईला मिठी मारली. आईनंही तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतताना गाडीत मी आईला शेजारणीनं तिची साडी मागितल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या मायेनं मागत होती, तर माझी द्यायला काय झालं होतं?"

काकूंचं बोलणं सांगायची मला लाज वाटली. "फाटली असती," मी म्हणाले.

"फाटू दे ना. नेसून जुनी झालेलीच होती."

आई नागपूरला परत गेल्यावर मी रोज ठरवायचे, आज शेजारणीला खरं सांगू. पण ती भेटली की आधी आईचीच चौकशी करायची आणि माझं अवसान गळायचं. २००८ मध्ये यान दुसऱ्या राज्यातल्या एका म्युझियमनं विकत घेतलं आणि तीही तिकडे निघाली. तिचे बॉक्स गाडीत ठेवायला मी मदत करत होते.

"लोक सगळ्यात जास्त तुझ्या आईच्या सीटबद्दल विचारतात," ती म्हणाली. "अंगणातली गोष्ट मी सगळ्यांना सांगते."

मी तोंड उघडलं. ती वाट बघत थांबली. नेमकं काय बोलायचं ते मला पाठ होतं, तरी मी एवढंच म्हणाले, "सांभाळून ड्राइव्ह कर."